किंग्ज इंडियनसमोर फुकटचं सेंटर मिळतंय? या चुका टाळा

बुद्धिबळात काळ्याने किंग्ज इंडियन हा बचाव घेतला, म्हणजे घोडा एफ६ वर आणला, जी६ (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल), उंट जी७, लगेच कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल), आणि अख्खं सेंटर, म्हणजे पटाचा मधला भाग, पांढऱ्याने खेळणाऱ्या आपल्याला मोकळं सोडलं की प्यादी पुढे ढकलायला हात शिवशिवायला लागतात. १९६० च्या लाइपझिग ऑलिंपियाडमध्ये चिलीच्या रेने लेतेलिएरने १७ वर्षांच्या, पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरसमोर हेच केलं आणि २३ चालींत डाव संपला. पांढऱ्याने खेळणाऱ्यांनी हा डाव एकदा पट मांडून बघाच.

पहिली चूक पाचव्या चालीला, ई५. काळा घोडा ई८ वर परत गेला म्हणून बरं वाटतं, पण मग एफ४ पण ढकललं, म्हणजे पहिल्या ६ चालींपैकी ५ प्याद्यांच्या आणि बाहेर काय तर एकटा घोडा! पाचव्या चालीला घोडा एफ३ किंवा उंट ई२ करा ना, प्यादी कुठे पळून जात नाहीत.

खरी गडबड पुढे आहे. फिशरने सातव्या चालीला सी५ ला प्यादं ढकललं आणि लेतेलिएरने ते प्यादं खाल्लं, मग डी६ चंही खाल्लं. हिशोबात एक प्यादं वर, पण ई५ ला धरून ठेवणारं डी४ चं प्यादंच गेलं, ई फाइल (ई ची उभी रांग) उघडली आणि पांढरा राजा अजून ई१ वरच. असं प्यादं समोर आलं की खाण्याआधी बघा कुठली फाइल उघडतेय आणि आपला राजा कुठे आहे, त्यापेक्षा घोडा एफ३ करून सेंटर धरून ठेवलेलं बरं. नंतर लेतेलिएरचा आधीच बाहेर आलेला घोडा ई४, तिथून जी३, वजीर बी१ वर, अशा चाली गेल्या आणि कॅसलिंग राहूनच गेलं.

काळ्याने खेळणारे पण चुकतात, नुसतं डी६ करून बसून राहतात. सी५ किंवा ई५ चा दणका वेळेत द्यायलाच हवा, नाहीतर पांढरा आरामात आवरून घेतो आणि तुमची घुसमट होते. अजून एक, १४ व्या चालीला एफ५ ने फिशरच्या उंटावर हल्ला आला तेव्हा आपण पटकन उंट हलवला असता, त्याने ई४ ढकलून उलट घोड्यावर हल्ला केला आणि जी७ च्या उंटाची वाट मोकळी केली. मग दोन्ही हत्ती ई फाइलवर, ई३ वर हत्तीचा बळी, आणि २३ व्या चालीला वजीर थेट एफ४ वर! राजाने वजीर खाल्ला की उंट एच६ आणि मात, म्हणून लेतेलिएरने तिथेच डाव सोडला.