तरंगांचे वर्गीकरण: परीक्षेआधीची तयारी

उजळणीला बसण्यापूर्वी वहीचे एक कोरे पान घ्यावे आणि त्यावर तीन प्रश्न एकाखाली एक लिहावेत: तरंगाला माध्यम लागते का, कंपने कोणत्या दिशेने होतात, आणि ऊर्जा पुढे जाते की जागीच कोंडून राहते. वर्गीकरणाच्या प्रश्नात गुण जातात ते व्याख्या आठवत नाही म्हणून क्वचितच. हे तीन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, म्हणून जातात. ‘हा तरंग यांत्रिक (माध्यम लागणारा) की अवतरंग (प्रवासाच्या दिशेला काटकोनात कंपने असलेला)?’ असे विचारणे म्हणजे समोरची लोकल जलद आहे की पश्चिम रेल्वेची, असे विचारणे होय. ती दोन्ही असू शकते.

त्यानंतर तीनेक मीटर लांबीची जाड दोरी आणि स्लिंकी, म्हणजे सैल वेटोळ्यांची खेळण्यातली स्प्रिंग, जवळ ठेवावी. दोरीचे एक टोक गॅलरीच्या कठड्याला बांधून, मध्यभागी रंगीत दोऱ्याची खूण करून, दुसरे टोक वर-खाली हलवावे: उंचवटा कठड्याकडे धावतो, खूण मात्र जागच्या जागी वर-खाली होते. हा अवतरंग. स्लिंकी जमिनीवर ताणून तिला लांबीच्या दिशेने धक्का दिला की वेटोळी कुठे दाटतात, कुठे विरळ होतात. हीच संपीडने आणि विरलने, आणि हा अनुतरंग, म्हणजे कंपने प्रवासाच्याच दिशेने. नावांची गल्लत होत असेल, तर ‘अनु’ म्हणजे अनुसरून, एवढे ध्यानात धरावे.

द्रवाच्या किंवा वायूच्या आत यांत्रिक अवतरंग का जात नाहीत, याचे कारण दोन ओळींत लिहून पाहावे. थर बाजूला सरकला तर त्याला मूळ जागी खेचून आणणारी स्थितिस्थापकता तेथे नसते. म्हणूनच भूकंपाचे दुय्यम तरंग पृथ्वीच्या द्रवरूप बाह्य गाभ्यातून पार होत नाहीत. प्राथमिक तरंग अनुतरंग असल्याने होतात.

समुद्राच्या लाटेसाठी वेगळी ओळ राखून ठेवावी, कारण येथे पाठांतर हमखास फसते. गिरगाव चौपाटीवर सुरक्षित अंतरावरून, लाट फुटण्याच्या पलीकडे तरंगणारा एखादा नारळ न्याहाळावा: तो वर-खाली होतो तसाच पुढे-मागेही होतो. खोल पाण्यात पृष्ठभागावरील कण जवळजवळ वर्तुळाकार फिरतात, उथळ पाण्यात ते वर्तुळ चपटे होते. तेव्हा लाटेला निव्वळ अवतरंग म्हणणे बरोबर नाही, जरी कित्येक वह्यांत ते तसेच लिहिलेले आढळते.

विद्युतचुंबकीय तरंगांसाठी एक उदाहरण स्वतः सोडवावे. मुंबईत आकाशवाणीची एफएम रेनबो वाहिनी १०७.१ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ × १०⁸ मीटर धरून त्याला या वारंवारितेने, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येने, भागले की तरंगलांबी सुमारे २.८ मीटर येते. आता तेवढ्याच लांबीचा ध्वनितरंग घ्यावा. ३० अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, म्हणजे वारंवारिता जेमतेम १२५ हर्ट्झ, एखाद्या खर्जातल्या स्वरासारखी. लांबी तीच, परंतु एक अवतरंग, निर्वातातूनही जाणारा, आणि दुसरा अनुतरंग, हवेविना अशक्य. रेडिओतरंगांना ध्वनितरंग समजण्याची चूक एवढ्या एका गणिताने सुटते.

प्रगामी (ऊर्जा पुढे नेणाऱ्या) आणि स्थिर (ऊर्जा जागीच कोंडणाऱ्या) तरंगांसाठी तानपुरा आठवावा. छेडलेल्या तारेवर स्थिर अवतरंग असतो: दोन्ही टोकांना निस्पंद, म्हणजे न हलणारे बिंदू, आणि मूलभूत कंपनात मध्यभागी प्रस्पंद, म्हणजे सर्वाधिक हलणारा बिंदू. भोपळ्यातून हवेत पसरणारा ध्वनी मात्र प्रगामी अनुतरंग. दोघांची वारंवारिता सारखीच, कारण ती उगमावर ठरते; माध्यम बदलले की वेग बदलतो आणि त्यासोबत तरंगलांबी. आयाम, दोलनकाल आणि त्यांची एकके एकदा नजरेखालून घातली तरी पुरे. द्रव्यतरंगांबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणांशी निगडित तरंगांबद्दल, ही कल्पना द ब्रॉग्ली यांनी १९२४ मध्ये मांडली आणि त्या तरंगांना माध्यम लागत नाही, इतके आले की पुढे जावे.

शेवटी त्या कोऱ्या पानावर लाऊडस्पीकरचा आवाज, क्षकिरण, तानपुऱ्याची तार, दुय्यम भूकंपतरंग आणि चौपाटीची लाट अशी पाच नावे लिहून प्रत्येकापुढे तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुस्तक न उघडता भरावीत.