माळा, ट्रंक आणि दोघांपुरतं घर

मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला गेली आणि घरात दोघंच उरली, की आवराआवरीचा विषय निघतो. माडी भाड्यानं द्यायची का, झोपायची सोय खाली करायची का, हेही तेव्हाच डोक्यात असतं. सगळं एका दमात उरकू नका. आधी गादी, औषधं आणि रोजचे कपडे महिनाभर खालच्या खोलीत ठेवून बघा. ज्या वस्तूसाठी पुन्हापुन्हा माडी चढावी लागली, तिची जागा खाली. सुताराला त्यानंतर बोलवा.

घटस्थापनेआधी घर धुऊन काढतात ते योग्यच, पण त्याच झपाट्यात ट्रंका भरू नयेत. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो, आणि कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं भिंतींची ओल लवकर हटत नाही. अशा हवेत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं कापड आतल्या आत बुरशी धरतं. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवस लख्ख ऊन मिळालं की गोधड्या, सुती कपडे वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच घडी घाला. रेशमी साड्या मात्र सावलीत. त्या जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरीची तार त्याच रेषेवर तुटते. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, जरीला टेकू देऊ नका.

माळ्यावर उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारायचा नाही. धूळ नाकात जाते. नाकाला फडकं, हातात मोजे. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी असं शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

पितळेची पातेली वापरात ठेवायची असतील तर कल्हई करून घ्या, नाहीतर आमटी कळकते. मोडीत घालायची असतील तर आधी घरी वजन करा.

खरी जोखीम कागदांत. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळं एकाच जमिनीचे जुने कागद मराठीत किंवा मोडी लिपीत आणि अलीकडचे कन्नडमध्ये, असं इथल्या ट्रंकेत हमखास सापडतं. वाचता येत नाही म्हणून रद्दीत टाकलेला मोडी कागद वाटणीपत्रही असू शकतो. जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय एकही टाकू नका. गंजलेल्या टाचण्या काढा, पण चिकटलेल्या असतील तर ओढू नका, कागद फाटतो. घड्या तडकत असतील तर जबरदस्तीनं उलगडू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको: ते सहजी निघत नाही आणि काढताना शाई, शिक्के सगळंच जातं. उघडलेल्या कागदाचे दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो घ्या. मग सुती रुमालात सैल बांधा, जुनी दप्तरं बांधायचे तशी, आणि भिंतीला न टेकलेल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा.

प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी हवी: गाव, सर्वे नंबर, कुणाच्या नावचं, साल. पेन्सिलीनं लिहा, ओल लागली तर पेनची शाई पसरते. भाऊबंदांचा हिस्सा असलेले कागद वेगळ्या रुमालात, आणि त्यांचे फोटो त्यांनाही पाठवा.