फुटबॉल क्लबचा वार्षिक अहवाल कसा वाचावा

मँचेस्टर युनायटेडचा उगम १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी काढलेल्या संघात आहे. आज या क्लबची मालक कंपनी केमन बेटांवर नोंदलेली असून तिचे शेअर २०१२ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात आहेत. हे स्थित्यंतर समजून घ्यायचे तर सामन्यांच्या बातम्यांपेक्षा वार्षिक अहवाल अधिक उपयोगी पडतो आणि तो क्लबच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो.

प्रथम उत्पन्नाची विभागणी पाहावी. जून २०२४ अखेरच्या वर्षात एकूण उत्पन्न ६६.१८ कोटी पाउंड होते. त्यात प्रायोजक व विक्रीमालाचे ३०.२९ कोटी, प्रक्षेपणाचे २२.१८ कोटी आणि सामन्याच्या दिवसाचे अवघे १३.७१ कोटी होते. म्हणजे ओल्ड ट्रॅफर्ड हे क्लबचे मैदान खचाखच भरूनही प्रेक्षकांकडून येणारा वाटा सुमारे एक पंचमांशच राहतो. अपोलो टायर्ससारखी भारतीय कंपनी २०१३ मध्ये प्रायोजक म्हणून या क्लबशी का जोडली गेली, याचे उत्तर याच आकड्यांत आहे.

त्यानंतर खेळाडूंवरील खर्चाकडे वळावे. नवख्या वाचकाची सर्वाधिक फसगत येथे होते. खेळाडू विकत घेताना दिलेली रक्कम त्याच वर्षी खर्ची पडत नाही, तर कराराच्या वर्षांत विभागली जाते. दहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर आला, तर दरवर्षी दोन कोटीच नफा-तोटा पत्रकात दिसतात. करार लांबवून हा वार्षिक बोजा हलका करण्याची युक्ती काही क्लबांनी वापरल्यावर यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, २०२३ मध्ये या गणितासाठी पाच वर्षांची मर्यादा घातली. याउलट, क्लबच्याच अकादमीत घडलेल्या खेळाडूची हिशेबातील किंमत जवळपास शून्य असल्याने त्याच्या विक्रीची बहुतेक सारी रक्कम नफा ठरते. गावचा लाडका मुलगा आधी का विकला जातो, हे चाहत्यांना उमगत नसले तरी हिशेबनिसाला नेमके ठाऊक असते.

तिसरी पायरी मालकी आणि कर्जाची. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पाउंडांना क्लब घेतला, पण त्यातील मोठी रक्कम कर्जाऊ होती आणि ते कर्ज क्लबच्याच माथी आले. म्हणून व्याजाचा आकडा न चुकता पाहावा. शेअरचे वर्गही तपासावेत. 'ब' वर्गाच्या शेअरला 'अ' वर्गाच्या दहापट मते आहेत, त्यामुळे बाजारात 'अ' वर्गाचे शेअर घेणाऱ्याला मालकीचा अंश मिळतो, सत्ता मात्र मिळत नाही.

एका मालकाचे अनेक क्लब असतील, तर एकच अहवाल पुरत नाही. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेतला होता. अशा समूहांबाबत संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप शोधावी आणि एका क्लबने दुसऱ्याला कोणती सेवा किंवा खेळाडू किती किमतीला दिला, हे दोन्हीकडच्या हिशेबांत ताडून पाहावे.