कथक पाहायला कसे शिकावे

कथकच्या कार्यक्रमाची तयारी नर्तकाइतकीच पाहणाऱ्यालाही करावी लागते आणि ती कार्यक्रमाच्या आधी दोन-तीन संध्याकाळी घरी बसून करता येते. ही तयारी म्हणजे तीनताल हातावर धरता येणे. बहुतेक नवखे प्रेक्षक पोशाख, चकरा आणि घुंगरांचा नाद एवढेच घेऊन परततात. त्यांची रसिकता कमी असते असे नाही, पण समोर चाललेला लयीचा हिशेब त्यांना कोणी दाखवलेला नसतो. हा हिशेब हाताशी आला की तोच कार्यक्रम पूर्णपणे निराळा दिसतो, हे मी स्वतः अनुभवले आहे आणि सोबत नेलेल्या अनेकांच्या बाबतीत पाहिलेही आहे.

तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा समान ठोक्यांचा, असून त्यात चार-चार मात्रांचे चार विभाग असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्यावी आणि नवव्या मात्रेवर हात बाजूला उघडावा. ही उघडी जागा म्हणजे खाली आणि पहिली मात्रा म्हणजे सम. मधल्या मात्रा अंगठ्याने बोटांवर मोजाव्यात. तोंडाने ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, म्हणावा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. तबल्याच्या ध्वनिमुद्रणाबरोबर हे केले तर खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा विरून जातो आणि चौदाव्या मात्रेला तो परत येतो, हे कानाला जाणवू लागते. घुमारा परतला की सम जवळ आली असे समजावे. ही खूण एकदा कानात बसली की मोजण्याचे श्रम निम्म्याने कमी होतात.

कार्यक्रमात आणखी एक मोठा आधार मिळतो, तो लेहऱ्याचा. सारंगीवर किंवा संवादिनीवर सोळा मात्रांची एकच सुरावट सतत फिरत असते आणि तिचे काम फक्त काळ दाखवण्याचे असते. मोजणी चुकली तर घाबरून पुन्हा एक-दोन-तीन सुरू करू नये. लेहरा ऐकत राहावे, त्याचे तोंड, म्हणजे सुरुवात, कुठे येते ते ओळखावे आणि तिथे सम धरावी. नर्तकाचे पाय कितीही गुंतागुंतीचे चालले तरी लेहरा जागचा हलत नाही, म्हणूनच पढंत करणारा, म्हणजे नृत्याचे बोल तोंडाने म्हणणारा, आणि तबलजी दोघेही त्यावर विसंबून असतात.

आता तिहाई. एखादा बोलसमूह तीनदा म्हणून तिसऱ्या वेळचा शेवटचा बोल नेमका समेवर आणणे म्हणजे तिहाई. ती समजून घेण्यासाठी ‘तत् तत् थेई’ हा तीन मात्रांचा तुकडा घ्यावा आणि खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, न थांबता तीनदा म्हणावा. पहिली फेरी नऊ, दहा, अकरावर जाते, दुसरी बारा, तेरा, चौदावर, आणि तिसरीतला ‘थेई’ पंधरा-सोळा ओलांडून समेवर पडतो. कथकमधल्या कितीतरी लांबलचक रचना याच तत्त्वावर उभ्या असतात, फक्त मधली अंतरे आणि बोल बदलतात. संपूर्ण तोडाच, म्हणजे बोलांची छोटी नृत्यरचनाच, तिहाईसह तीनदा नाचून समेवर आणला की तो चक्रदार होतो. घरी एवढा सराव झाला असेल, तर रंगमंचावर तिहाई सुरू होताच शरीर आपोआप समेकडे ओढले जाते, आणि नर्तक तिथे पोहोचला की आपणही पोहोचलेलो असतो. कथक पाहण्याचा निम्मा आनंद मला या एकत्र पोहोचण्यात वाटतो.

जागा निवडताना पहिली रांग टाळावी. बऱ्याच नाट्यगृहांत रंगमंच उंच असल्यामुळे पहिल्या रांगेतून पावले नीट दिसत नाहीत, तर फार मागे बसल्यास चेहरा आणि घुंगरांचा स्वच्छ आवाज हे दोन्ही गमवावे लागतात. चौथी ते आठवी रांग मला सर्वांत बरी वाटते.

एकल कार्यक्रमाची सुरुवात बहुधा वंदनेने होते आणि त्यानंतर विलंबित लयीत थाट येतो. नवख्या प्रेक्षकांचा सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. नर्तक जवळजवळ स्थिर उभा असतो, फक्त भुवई, मान, मनगट आणि श्वास हलतो, आणि अजून काही सुरूच झाले नाही असे वाटून शेजारचे लोक कुजबुजू लागतात. प्रत्यक्षात त्या स्थिरतेत संथ लय शरीरात धरून ठेवलेली असते, आणि ती धरणे द्रुत लयीतल्या चकरांपेक्षा अवघड असते. या वेळी लेहरा ऐकत मनगटाकडे पाहावे: हालचाल मात्रेवर येते की दोन मात्रांच्या मधल्या जागेत, एवढेच शोधावे. नंतर येणारी आमद म्हणजे शब्दशः आगमन. हा शब्द फारसीतून आला आहे आणि त्यासोबत उत्तर भारतातील दरबारांचा इतिहासही या नृत्यात आला आहे.

पुढे तोडे, तुकडे आणि परणी सुरू होतात. परणीत पखवाजाचे भारदस्त बोल असतात. नर्तक माइकजवळ येऊन रचना आधी तोंडाने म्हणतो, ती पढंत. ही वेळ गप्पा मारण्याची किंवा कार्यक्रमपत्रिका वाचण्याची नव्हे, कारण पढंत म्हणजे पुढे दिसणाऱ्या नृत्याचा नकाशाच असतो. पढंत ऐकताना तिहाई कुठे सुरू होते ते हेरावे, म्हणजे नाचताना ती शोधत बसावे लागत नाही. चकरांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: त्या मोजू नयेत. सत्तावीस चकरा घेतल्या म्हणून टाळ्या पडतात, परंतु पाहण्याची गोष्ट शेवटचा थांबा ही आहे. शरीर समेवर एकदम थांबते, खांदे डोलत नाहीत, पाऊल सावरण्यासाठी पुन्हा उचलावे लागत नाही आणि नजर जागेवर असते, तेव्हाच ‘वाहवा’ मनापासून द्यावी. ती समेच्या क्षणी दिलेली असावी, कारण चार मात्रा उलटून गेल्यावर दिलेली दाद पुढच्या रचनेवर पडते.

गतनिकास (डौलदार चाल) आणि गतभाव (अभिनयातून सांगितलेली कथा) सुरू झाले की मात्र ताल धरणारा हात खाली ठेवावा. तालाचा सराव ज्यांनी उत्साहाने केला आहे, त्यांना हे जड जाते, पण मोजत राहिल्यास अभिनय निसटतो. गतभावात एकच व्यक्ती कृष्ण, गोपी, यशोदा अशा सगळ्या भूमिका करते आणि एका पलट्यासरशी, म्हणजे एका वळणात, माणूस बदलतो. तो बदल कशाने झाला ते पाहावे: पाठीचा कणा ताठ झाला का, पावलांमधले अंतर वाढले का, नजरेची उंची बदलली का? माखनचोरीत लहान कृष्ण शिंक्याकडे पाहतो तेव्हा नजर वर जाते आणि यशोदा त्याच्याकडे पाहते तेव्हा खाली येते, आणि एवढ्यावर रिकाम्या रंगमंचावर दोन माणसे उभी राहतात.

ठुमरीत एकच ओळ पुन्हा पुन्हा गायली जाते आणि प्रत्येक वेळी तिचा निराळा अर्थ अभिनयातून काढला जातो. लखनौचे बिंदादीन महाराज यांच्या ठुमऱ्या आजही नाचल्या जातात. मराठी प्रेक्षकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही, कारण बैठकीच्या लावणीत हेच घडते: वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्यासारख्या थोर कलावतींनी बसल्या जागी, गात गात, एका ओळीतून राग, लाडिक तक्रार आणि विनवणी असे सारे उलगडून दाखवले. ज्यांनी अशी लावणी पाहिली आहे, त्यांनी ठुमरीकडे त्याच डोळ्यांनी पाहावे. या भागात मध्येच टाळ्या वाजवू नयेत.

घराण्यांची ओळख करून घ्यावी, पण पहिल्याच दिवशी नावे चिकटवण्याची घाई नको. ढोबळमानाने जयपूर घराण्यात परणी, पदन्यास आणि लयकारी यांचा जोर जाणवतो, तर लखनौ घराण्यात नजाकत, गत आणि ठुमरी. पंडित बिरजू महाराज (१९३८–२०२२) लखनौचे, तर पंडित दुर्गालाल जयपूरचे. बनारस हे तिसरे घराणे. पुण्याचे उदाहरण या वर्गीकरणाच्या मर्यादा दाखवते. रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ या कथक संस्थेची स्थापना केली. त्या जयपूर घराण्याचे सोहनलाल, लखनौचे लच्छू महाराज आणि पंडित मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकल्या, आणि दोन्ही प्रवाहांवर स्वतः विचार करून त्यांनी आपली वाट तयार केली. कथक ज्या काळी महाराष्ट्रात फारसे रुजलेले नव्हते, त्या काळात त्यांनी येथे शिष्यांच्या पिढ्या घडवल्या, आणि आज पुण्यात इतके कथक पाहायला मिळते याचे मोठे श्रेय मी त्यांना देतो.

शेवटी तत्कार, म्हणजे पावलांनी लय वाजवण्याचा भाग, येतो तेव्हा डोळे मिटून काही आवर्तने ऐकावीत. एकेका पायात शंभर किंवा त्याहून अधिक घुंगरू असतात. ते सारे एकाच वेळी वाजावेत आणि हवे तेव्हा त्यांतले थोडेच वाजावेत, यासाठी टाच, चवडा आणि पूर्ण तळवा यांवर किती ताबा लागतो हे केवळ ऐकूनही कळते. मग डोळे उघडून तबलजीकडे पाहावे, कारण सवाल-जवाबाच्या वेळी खरी बातचीत नर्तक आणि तबलजी या दोघांत चाललेली असते.

पहिल्या कार्यक्रमानंतर दुसरा निवडताना मोठ्या नावामागे न जाता शक्य असल्यास त्याच कलाकाराचा कार्यक्रम पुन्हा पाहावा, म्हणजे ठरलेले काय होते आणि त्या संध्याकाळी सुचलेले काय होते हे वेगळे करता येते. त्या वेळी पत्रिकेत झपताल लिहिलेला आढळला, तर दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा विभागून, पहिली, तिसरी आणि आठवी टाळी व सहावी खाली धरून, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना हा ठेका आदल्या रात्री हातावर बसवून जावे.