हायड्रा, प्लॅनेरिया, गांडूळ, झुरळ: तुलना करायची कशी

बहुतेक जण एकेक प्राणी घेऊन त्याचं सगळं पाठ करतात आणि मग पेपरात फ्लेम सेल कुणाचे नि नेफ्रिडिया कुणाचे (दोन्ही उत्सर्जनाचे भाग) यात घोळ होतो. त्यापेक्षा एक काम धरा, पचन म्हणा, श्वसन म्हणा, आणि ते हे चौघं कसं उरकतात ते बघत जा.

सुरुवात पचनापासून करा, फरक तिथं लगेच दिसतो. हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातला नळीसारखा छोटा प्राणी, त्याचं अंग पेशींच्या दोनच थरांचं, आत पोकळी आणि वाट एकच, खायचं तिथूनच आणि उरलेलं टाकायचंही तिथूनच. प्लॅनेरिया हा पाण्यातला चपटा किडा, त्याला थर तीन, पण गुदद्वार नाहीच, आणि तोंड डोक्याकडे नसून पोटाच्या बाजूला साधारण मध्यावर असतं, आकृतीत हे हमखास चुकतं. गांडूळ आणि झुरळात नळी आरपार, त्यामुळे भागाभागाला कामं वाटता येतात, झुरळाच्या गिझर्डमध्ये (अन्न दळणाऱ्या भागात) तर चावायला 6 दात असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुलनेच्या तक्त्यात नुसतं ‘नाही’ लिहून पुढे जाऊ नका, नाही तर भागतं कसं तेही लिहा. प्लॅनेरियाला हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, पण अंग इतकं चपटं की कुठलीच पेशी बाहेरच्या पाण्यापासून लांब नसते, ऑक्सिजन झिरपतच पोचतो, आणि अन्नासाठी आतड्यालाच फांद्या फुटून ते अंगभर पसरलेलं असतं. गांडूळ जाड, त्याचं एवढ्यावर भागत नाही, म्हणून बंद रक्तवाहिन्या आणि हिमोग्लोबिनचं लाल रक्त. पावसाळ्यात गांडूळ सापडलं तर ओल्या हातावर घेऊन भिंगातून बघाच, पाठीवरची गडद रेघ म्हणजे त्याची रक्तवाहिनी, तिच्यात लाट शेपटीकडून डोक्याकडे सरकताना दिसते, किती सुंदर दिसतं ते! फार वेळ धरू नका, तो कातडीतून श्वास घेतो आणि कातडी सुकली की गुदमरतो.

झुरळाचं रक्त रंगहीन, कारण ऑक्सिजन वाहायचं काम त्याच्याकडे नाहीच, 10 जोड्या श्वासरंध्रांतून आत आलेली हवा नळ्यांनी थेट पेशींपर्यंत जाते, म्हणूनच उघडं रक्ताभिसरण असूनही त्याचं काही अडत नाही.

उत्सर्जन एका ओळीत बसतं: हायड्राला अवयव नाही, मग ओळीने फ्लेम सेल, नेफ्रिडिया, मालपिघी नलिका.

चेतासंस्थेत हायड्राला मेंदू नाही, नुसतं चेतापेशींचं जाळं, प्लॅनेरियाला डोक्यात चेतापेशींच्या गाठी आणि शिडीसारखे दोन चेतादोर. गांडूळ-झुरळाचा मुख्य दोर पोटाच्या बाजूने जातो, आपल्यासारखा पाठीतून नाही, आकृतीला नाव देताना आधी पाठ कुठली ते ठरवा.