फिल्म न्वार सुचवताना: चित्रपट, प्रत आणि टीव्हीची सेटिंग्ज

फिल्म न्वार म्हणजे अमेरिकेतले १९४०-५०च्या दशकांतले गुन्हेपट; ते सावल्यांवर उभे आहेत. टीव्ही मात्र दुकानातून येतो तो भडक मोडमध्ये, आणि सावल्यांचं वाटोळं होतं. म्हणून नुसतं नाव सुचवून भागत नाही.

आधी चित्रपट निवडा. नवख्याला 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) द्या. खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं, त्यामुळे गोंधळ होत नाही आणि सगळं लक्ष माणसांवर राहतं. 'द बिग स्लीप' (१९४६) सुंदर आहे, पण कथानक फार गुंत्याचं. तो तिसरा-चौथा ठेवा. इंग्रजीचा कंटाळा असेल तर गुरु दत्तचा याच धाटणीचा हिंदी 'बाजी' (१९५१) लावा.

मग प्रत तपासा. 'डीटूर' (१९४५) सत्तर मिनिटांच्या आत संपतो, पण कॉपीराइट नसल्याने त्याच्या धुरकट प्रती सगळीकडे आहेत. २०१८ची दुरुस्त प्रतच शोधा. 'टच ऑफ ईव्हिल'ची (१९५८) १९९८ची प्रत दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या टिपणानुसार पुन्हा संकलित केलेली आहे. सुरुवातीच्या तीन मिनिटांच्या अखंड शॉटवर नावं झळकली, तर ती प्रत ही नव्हे.

आता टीव्ही. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा, रंगछटा 'वॉर्म', नाहीतर पांढरा निळसर दिसतो. मोशन स्मूदिंग बंद करा. चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो तो त्याच्यामुळे. नॉइज रिडक्शनही बंद, ते फिल्मचे कण पुसताना चेहरे मेणाचे करतं. पॉवर सेव्हिंग विसरू नका: अंधारी खोली पाहून ते पडदा आणखी मंद करतं.

यांतल्या बहुतेकांची चौकट (रुंदी:उंची) १.३७:१ असते, म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या हव्यातच. झूम केलं की जवळजवळ पाव चित्र वर-खाली कापलं जातं. टीव्हीत चौकटीचं प्रमाण बदलूनही माणसं रुंदच दिसत असतील, तर सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतलं तेच प्रमाण (आस्पेक्ट रेशो) पाहा. बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

ब्राइटनेस याच पट्ट्यांवरून जुळवता येतो. अंधाराचा प्रसंग पॉज करा आणि काळ्या कोटाच्या घड्या दिसेपर्यंत एकेक पायरी वाढवा. पट्ट्या राखाडी होऊ लागल्या की एक पायरी मागे या.

खोलीतला मोठा दिवा बंद करून टीव्हीच्या मागे एक छोटा लावा. आवाजाचा सराउंड काढा, मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. संवाद झपाट्याने येतात, तेव्हा सबटायटल्स चालू असू द्या.