ऑफिस हलवताना जुनं फर्निचर वाचवायचंय? मग या चुका टाळा

गेली अठरा वर्षं मी गोव्यात ऑफिसं हलवण्याचं काम करतो. पाट्टोवरून पर्वरीला, मडगावातून वेर्ण्याला, कधी एकाच इमारतीत तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या भेटीत सगळेच मालक म्हणतात, "जुनं सगळं वापरायचं, काही टाकायचं नाही." आणि दीड महिन्याने त्याच ऑफिसची टेबलं भंगारवाल्याच्या टेंपोत चढताना दिसतात. त्यांचा हेतू खोटा नसतो. मधल्या दीड महिन्यात त्याच त्याच चुका होतात, आणि त्या बघून मी खरंच थकलोय.

पहिली चूक म्हणजे यादी शेवटच्या आठवड्यात करणं. मी निदान दोन महिने आधी जातो आणि प्रत्येक वस्तूवर रंगीत चिकटपट्टी लावतो. हिरवी म्हणजे नेणार, पिवळी म्हणजे दुरुस्त करून नेणार, निळी म्हणजे दुसऱ्याला देणार. "नंतर बघू" असा चौथा रंग मी ठेवत नाही. बघू म्हटलेली एकही वस्तू नव्या जागेत पोचलेली मी पाहिलेली नाही. अकाउंट्सवाल्यांना त्याच दिवशी यादी द्या, कारण यातलं बरंचसं सामान कंपनीच्या मालमत्ता नोंदवहीत असतं आणि ते परस्पर देता येत नाही.

आता सर्वात महागात पडणारी चूक. ओळीत जोडलेली वर्कस्टेशन्स म्हणजे सुटी टेबलं नव्हेत. समोरासमोर तीन-तीन अशा सहा जणांच्या रांगेला लोखंडी पायांच्या चारच चौकटी असतात. दोन टोकाच्या, दोन मधल्या. मधली चौकट दोन्ही बाजूंच्या टेबलांचं वजन घेते. पणजीतल्या एका ऑफिसची चोवीस माणसं दोन जागी जाणार होती, एकीकडे सोळा आणि दुसरीकडे आठ. म्हणजे एक रांग चार आणि दोन अशी तोडावी लागणार. चारला तीन चौकटी, दोनला दोन. लागणार पाच, हातात चार. कागदावर दोन मिनिटांत कळणारा हा हिशेब कोणी केलाच नाही. ऑफिसने स्वस्तातली माणसं आणली. त्यांनी शनिवारी रात्री सगळं उघडलं, सगळे स्क्रू, बोल्ट आणि मिनीफिक्स (फळ्या एकमेकींना जोडायचे फिरते खटके) एकाच पोत्यात भरले आणि रविवारी जोडायला बसले. मला बोलावणं आलं सोमवारी सकाळी.

दोन टेबलांना एका बाजूने पायच नव्हते. ते निस्तरता आलं असतं. पण पोत्यातून हाताला येईल तो स्क्रू त्यांनी ड्रिल मशीनने खालून मारला होता. टेबलाची फळी २५ मिलिमीटरची आणि काही स्क्रू त्याहून लांब, त्यामुळे सात फळ्यांचा सनमायका वरून फुटला. बाकीच्यांची भोकं झिजून गेली. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबलेला भुसा. त्यात स्क्रूचे आटे एकदाच नीट बसतात. मशीनने जोर लावून फिरवलं की आतला भुसा सुटतो आणि मग कितीही आवळा, तो स्क्रू पकडत नाही. त्या एका रात्रीत अकरा टेबलं गेली. दहा वर्षं जुनी होती, अजून दहा सहज चालली असती.

म्हणून माझी सवय सांगतो. उघडण्याआधी प्रत्येक रांगेचा फोटो, चौकटींची मोजणी, आणि कमी पडणारी चौकट वेल्डरकडून आधीच करून घेणं. तेच माप, तोच चौकोनी पाइप. एका टेबलाचे स्क्रू एका पिशवीत आणि ती पिशवी त्याच टेबलाच्या चौकटीला बांधलेली. उघडायला मशीन चालेल, आवळायला हातातला स्क्रू ड्रायव्हरच. भोक झिजलंच असेल तर ते ८ मिलिमीटरचं करायचं, लाकडी खुंटी फेव्हिकॉल लावून ठोकायची, रात्रभर वाळू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात बारीक भोक पाडून स्क्रू बसवायचा. काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू मारणाऱ्यांना माझ्या कामावर जागा नाही. महिन्याभरात तो सुटतोच.

पुढची मोठी चूक गोव्याच्या पावसाची. इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तरी भाडेकरार मेअखेर संपवून नव्या जागेच्या फरशीचं काम अपुरं असलेले लोक मला दरवर्षी भेटतात. एकांनी सगळी कपाटं आणि ड्रॉवरचे खण तीन आठवडे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले, वरून निळी ताडपत्री घट्ट गुंडाळून. वरून थेंबही आत गेला नाही. ओल आली खालून, सिमेंटच्या जमिनीतून. उघडलं तेव्हा बोर्डाच्या कडा भिजलेल्या पावासारख्या फुगल्या होत्या आणि कापडी खुर्च्यांवर हिरवी-पांढरी बुरशी होती. सागवान भिजून फुगलं तर वाळल्यावर बरंचसं पूर्ववत होतं. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की परत बसत नाही. तिथे दुरुस्ती नाही.

पावसाळ्यात ठेवायचंच असेल तर पंखा असलेली बंद खोली घ्या. खाली चार इंच उंचीच्या सारख्या पट्ट्या, फळ्या त्यांवर आडव्या, भिंतीपासून हातभर लांब, कारण चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत ओल खेचते. वर प्लास्टिक नको, जुनी सुती चादर घाला. कोरडं ऊन पडलं की दारं-खिडक्या उघडा. आणि गणेश चवथीच्या आदल्या पंधरवड्यात दुरुस्ती काढू नका. मेस्त, म्हणजे सुतार, मिळत नाही, मिळाला तर घाईत काम करतो.

लोखंडी कपाटाचं दार लागत नाही म्हणून ते भंगारात देणाऱ्यांचा मला फार राग येतो. बहुतेक वेळा कपाट वाकलेलं नसतं, नव्या जागेची फरशी उताराची असते. पायाखाली प्लायचा तुकडा सरकवा, दार लागेल. गंज असेल तर तो घासून प्रायमर मारल्याशिवाय रंग लावू नका.

खुर्ची खाली बसते म्हणजे तिचा गॅसचा दांडा गेलेला असतो. तो बदलून मिळतो. चाकंही मिळतात.

जुन्या पणजीतल्या ऑफिसांत वेताच्या खुर्च्या असतात. वेत सैल पडला म्हणून कापून फोम बसवू नका. खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवा आणि सावलीत वाळू द्या, तो पुन्हा ताणला जातो. वेत तुटला असेल तर विणणारा शोधा, वेळ लागला तरी.

दान करताना आधी विचारा. सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत ऑफिसची तीस इंच उंच टेबलं आणि चाकं मोडलेल्या खुर्च्या उतरवलेल्या मी पाहिल्या आहेत. मुलांची हनुवटी टेबलाला लागत होती. ते सामान टाकायचा खर्च शेवटी शाळेवर आला. त्यापेक्षा गावच्या वाचनालयाला, पंचायतीला, टाळ-पखवाज ठेवायला जागा नसलेल्या भजनी मंडळाला फोन करा. फोटो आणि मापं पाठवा, होकार घ्या, दुरुस्त करून द्या. टेंपोचं भाडं दान करणाऱ्यानेच भरावं, असं माझं ठाम मत आहे.

उरलेला बोर्ड होळीत किंवा परसात जाळू नका. त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं. चांगले तुकडे मेस्ताला द्या, खणाचे तळ आणि मागच्या फळ्या त्यातून होतात.

किल्ल्या मात्र आधीच गोळा करा. प्रत्येक कपाटाची आणि खणाची किल्ली तारेने त्याच्याच मुठीला बांधा आणि टेंपो निघण्यापूर्वी एकेक लावून बघा. किल्ली नसली की नव्या जागेत कुलूप ड्रिलने फोडतात, आणि दार कुलपाभोवती चिरतं.